ई-क्लासवरची घरं आणि एक पक्ष

वऱ्हाडात 'गायरान' हा शब्द कागदावरच जास्त दिसतो. लोक म्हणतात 'ई-क्लास'. सरकारी जमिनीच्या वर्गवारीतलं हे अक्षर बुलढाणा जिल्ह्यात घरोघरी ठाऊक आहे, कारण गावठाणात जागा न मिळालेल्यांची घरं याच जमिनीवर उभी राहिली. घरपट्टी भरलेली, विजेचं मीटर लागलेलं. मालकी तेवढी सरकारची. अशा घरांच्या प्रश्नातून राजकीय पक्ष उभा राहू शकतो का?

स्पेनमध्ये राहिला. 2008 च्या मंदीनंतर तिथे हप्ते थकलेल्यांची घरं बँका ताब्यात घेऊ लागल्या. घर गेलं तरी उरलेलं कर्ज मानेवर राहायचंच. 2009 मध्ये बार्सिलोनात या गहाणपीडितांचा मंच निघाला. आपली अडचण एकट्याने वकिलाकडे न्यायची नाही, सभेत सगळ्यांसमोर मांडायची, ही त्याची रीत. पोलीस घर रिकामं करायला आले की सभेतलेच लोक दारात उभे राहत. मंचाच्या प्रवक्त्या अदा कोलाऊ यांनी 2014 मध्ये राजकीय आघाडी बांधली आणि जून 2015 मध्ये त्या महापौर झाल्या, 41 पैकी अवघ्या 11 जागांवर. 'वरचे' विरुद्ध 'आपण' ही त्यांची भाषा अभ्यासकांनी लोकानुनयी ठरवली. ती घरं वाचवणाऱ्यांची भाषा होती, हे मला अधिक महत्त्वाचं वाटतं.

आपल्याकडचं जवळचं उदाहरण रिपब्लिकन पक्षाचं, फक्त क्रम उलटा. पक्ष 1957 मध्ये आधी स्थापन झाला, जमिनीच्या लढ्याने त्याला गावोगाव मुळं दिली. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1959 मध्ये आणि पुन्हा 6 डिसेंबर 1964 पासून भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. पंतप्रधान शास्त्रींपुढे ठेवलेल्या मागण्यांत पडीक जमिनीच्या वाटपासोबत झोपडपट्टीवासीयांचा प्रश्नही होता. माणसं हजारोंनी तुरुंगात गेली. पुढे पक्षात गायकवाड आणि खोब्रागडे असे गट पडले. तरी 1977 मध्ये बुलढाण्यातून खोब्रागडे गटाचे दौलत गुणाजी गवई लोकसभेवर निवडून आले. या गटाचे तेव्हा दोनच खासदार होते. मतदारसंघ राखीव होता, आणीबाणीविरोधाची लाटही होती, हे मान्यच. पण त्या लाटेत इथे निवडून आलेलं नाव भूमिहीनांचा लढा लढलेल्या परंपरेतलं होतं. 1980 मध्ये जागा काँग्रेसकडे गेली.

गटबाजीने पक्ष संपवला, असं सर्रास सांगितलं जातं. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. मला यात मुदतीच्या तारखांचाही हात दिसतो. सरकारी जमिनीवरच्या शेतीसाठीच्या अतिक्रमणांना 1991 च्या शासन निर्णयाने 14 एप्रिल 1990 ही तारीख लावली. मुंबईच्या झोपड्यांना 1 जानेवारी 1995 लागली, मग 2000. सरकारी जागेवरच्या ग्रामीण घरांना 1 जानेवारी 2011. प्रत्येक तारखेने वस्तीचे दोन भाग केले. शिवाय तारखेआधीचे असल्याचा पुरावा ज्याचा त्याने द्यायचा: मतदार यादी, वीजबिल, ग्रामपंचायतीचा नमुना आठ. मागणीचा अर्ज झाला. अर्ज पुढे सरकवणारा, मग तो सरपंच असो की आमदाराचा माणूस, त्यालाच मत. पट्टा मिळालेल्याने शेजाऱ्यासाठी मोर्चात यावं, अशी सोय या व्यवस्थेत कुठेच नाही. बार्सिलोनाच्या सभेने नेमकी हीच फट बुजवली होती. (2023 मध्ये कोलाऊही तिसऱ्या क्रमांकावर गेल्या, सत्तेत बसल्यावर सभा टिकवणं तिथेही जड गेलं असावं.)

2022 च्या ऑक्टोबरमध्ये उच्च न्यायालयाने गायरानांवरची अतिक्रमणं वर्षअखेरपर्यंत काढायला सांगितलं, तेव्हा राज्यात अशी दोन लाखांहून अधिक अतिक्रमणं होती. नोटिशीला जुना-नवा भेद नव्हता. कित्येक वर्षांनी धोका सगळ्यांना एकाच वेळी आला. मग गरिबांची राहती घरं पाडणार नाही, असं सरकारने सांगितलं. पण घर नावावर करून घ्यायचं तर 2011 च्या आधीचा कागद लागणारच होता, ज्याचा त्याला.