रुग्णासाठी घडलेली खुर्ची

फिनलंडमधील पाइमिओ येथे १९३३ साली क्षयरुग्णांसाठी आरोग्यधाम उभे राहिले. वास्तुविशारद आल्वार आल्टो यांनी तेथील खुर्चीही रुग्णाचाच विचार करून घडवली. पोलादी नळ्यांचा गार स्पर्श टाळून त्यांनी बर्चच्या लाकडाचे वाकवलेले प्लायवुड वापरले. रेलून बसलेल्या रुग्णास श्वास घेणे सुलभ व्हावे, असा पाठीचा कल ठेवला. आज ती खुर्ची संग्रहालयांत मानाने विराजते. मात्र तिची बैठक सखल आहे. गुडघे दुखणाऱ्या आजोबांना तिच्यातून उठणे जडच जाईल. म्हणून अनुकरण करावे ते आल्टो यांच्या दृष्टीचे. घरातील ज्येष्ठांसाठी खुर्ची घेताना प्रथम त्यांनाच बसवून पाहावे : पावले जमिनीवर सपाट टेकतात का? खुर्चीच्या हातांवर भार देऊन सहज उठता येते का?