हायड्रोजनची भागीदारी : नफा कोणाचा, जोखीम कोणाची?

पंजाबात सतलजच्या काठी नांगल येथे भाक्रा धरणाच्या विजेवर पाण्याचे विघटन करावयाचे, त्यातून हायड्रोजन, हायड्रोजनपासून अमोनिया आणि अमोनियापासून खत तयार करावयाचे, असा एक सरकारी कारखाना १९६१ मध्ये सुरू झाला. आज ज्याला ‘हरित हायड्रोजन’ म्हणून गौरविले जाते, तो पदार्थ भारतात सहा दशकांपूर्वी औद्योगिक प्रमाणावर तयार होत होता. पुढे कूपनलिका, गावे आणि शहरे यांची विजेची मागणी वाढली, स्वस्त वीज दुर्मिळ झाली आणि नांगलचा पुढील विस्तार खनिज तेलावर आधारित झाला. यंत्रे निकामी ठरली म्हणून हे घडले नाही. वीज कोणत्या दराने आणि किती काळ मिळणार, या प्रश्नाचे उत्तर बदलले म्हणून ते घडले.

या हकीकतीचे आज स्मरण होण्यास कारण आहे. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेस मंजुरी दिली. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादन, हे तिचे उद्दिष्ट. त्याच वर्षी जुलैमध्ये महाराष्ट्राने आपले स्वतंत्र धोरण मंजूर केले व त्यासाठी ८,५६२ कोटी रुपयांची तरतूद जाहीर केली. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने ज्या चार ‘हायड्रोजन खोऱ्यां’ची निवड केली, त्यांत जोधपूर, भुवनेश्वर व केरळ यांच्या जोडीला पुणेही आहे. या साऱ्या योजनांचे सूत्र एकच आहे : सरकारने सवलत, जमीन व अनुदान द्यावे, खासगी उद्योगाने भांडवल व यंत्रसामग्री आणावी. सार्वजनिक-खासगी भागीदारी या नावाने हे सूत्र ओळखले जाते. प्रश्न असा आहे की, या भागीदारीत तोट्याचा वाटा कोणाच्या नावावर लिहिला जाणार?

विभागवार प्रकल्प कशासाठी?

हायड्रोजन हा सर्वांत हलका वायू. तो वाहून न्यावयाचा तर प्रचंड दाबाखाली भरावा लागतो, अथवा उणे २५३ अंश सेल्सियसपर्यंत थंड करून त्याचा द्रव करावा लागतो. दोन्ही मार्ग खर्चाचे आहेत. यास्तव जेथे तो लागतो तेथेच, किंवा त्याच्या जवळपास, तो तयार करणे शहाणपणाचे ठरते. महाराष्ट्रात तो आजही वापरला जातो. माहुलचे तेलशुद्धीकरण कारखाने, तुर्भे आणि थळ येथील खत कारखाने हे त्याचे जुने ग्राहक होत. मात्र त्यांचा हायड्रोजन प्रामुख्याने नैसर्गिक वायूपासून निघतो आणि एक किलो हायड्रोजनमागे सुमारे नऊ ते दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने ठरविलेल्या व्याख्येप्रमाणे ‘हरित’ या नावास पात्र होण्यासाठी हे प्रमाण दोन किलोच्या आत असावे लागते. तेव्हा मूळ कल्पना योग्य आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही.

परंतु कल्पनेची योग्यता हिशेबाची जागा घेऊ शकत नाही. धोरण जाहीर करतेवेळी राज्यातील हायड्रोजनची मागणी वर्षाला ५.२ लाख टन असल्याचा अंदाज सरकारने दिला होता. पाण्यापासून एक किलो हायड्रोजन मिळविण्यास किमान ५० युनिट वीज लागते. म्हणजे आजची मागणी भागविण्यासच वर्षाकाठी २,६०० कोटी युनिट वीज हवी. तुलनेसाठी सांगावयाचे तर, दोन हजार मेगावॉटचे एक वीजकेंद्र वर्षभर ९० टक्के क्षमतेने चालविले, तरी १,६०० कोटी युनिटच वीज मिळते. पाण्याची चिंता पुष्कळांना वाटते. एक किलो हायड्रोजनसाठी रासायनिक प्रक्रियेत नऊ लिटर पाणी खर्च होते. शुद्धीकरण व शीतकरण धरून ते तिप्पट झाले, तरी राज्याच्या एकूण वापरात ते अल्पच राहील. ज्या तालुक्यात उन्हाळ्यात टँकर फिरतात, तेथे मात्र हे समाधान उपयोगाचे नाही. प्रकल्पाची जागा ठरविताना हे ध्यानात ठेवावे लागेल.

खर्चाचा खरा आधार वीजच आहे. युनिटला चार रुपये दर धरला तर एका किलोमागे विजेचाच खर्च दोनशे रुपये होतो. दर एक रुपयाने वाढला की पन्नास रुपयांची भर पडते. म्हणूनच राज्याने पारेषण शुल्कात सवलत आणि विद्युत शुल्कातून सूट देऊ केली आहे. तथापि, सवलत म्हणजे नाहीसा झालेला खर्च नव्हे. मनोरे आणि तारा यांचा खर्च कोणीतरी भरावाच लागतो. उद्योगाने तो भरला नाही तर तो इतर ग्राहकांच्या बिलात जातो, नाहीतर राज्याच्या तिजोरीवर पडतो. पगारातून प्राप्तिकर कापला जाणारा कारकून आणि शेतीपंपाचे बिल भरणारा शेतकरी, दोघेही न विचारता या भागीदारीत सामील झालेले असतात.

दाभोळचा धडा

महाराष्ट्राला असल्या भागीदारीचा अनुभव नवा नाही. दाभोळ वीज प्रकल्पाचा वीजखरेदी करार डिसेंबर १९९३ मध्ये झाला. स्पर्धात्मक निविदा मागविल्या गेल्या नाहीत. प्रकल्प राज्याला पेलणारा नाही, असे मत जागतिक बँकेने त्याच वर्षी दिले होते, ते बाजूला ठेवण्यात आले. मंडळाने वीज उचलो वा न उचलो, क्षमतेपोटीची रक्कम देणे बंधनकारक होते. देणी डॉलरशी निगडित होती. वर राज्याची हमी आणि केंद्राची प्रतिहमी होती. पुण्यातील ‘प्रयास’ गटासारख्या अभ्यासकांनी हा हिशेब लोकांपुढे मांडला. १९९५ मध्ये करार रद्द झाला, १९९६ मध्ये फेरवाटाघाटींनंतर पुन्हा उभा राहिला आणि मे १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला. काही महिन्यांत युनिटचा दर सात रुपयांच्या पुढे गेला. २००१ च्या मे महिन्यात मंडळाने वीज घेणे थांबविले आणि डिसेंबरात एन्रॉन कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. अखेरीस २००५ मध्ये तो प्रकल्प सावरण्यासाठी सार्वजनिक क्षेत्रातील कंपन्यांनाच पुढे यावे लागले. दोष यंत्रांचा नव्हता. नफा एका पक्षाकडे आणि जोखीम दुसऱ्याकडे, अशी विभागणी करारातच लिहिलेली होती.

याच्या उलट टोकाचे उदाहरण अमेरिकेत नुकतेच घडले. तेथे खासगी कंपनीचा पाय सरकारी शब्दावर होता आणि शब्दच फिरला. २०२१ च्या कायद्याने विभागीय हायड्रोजन केंद्रांसाठी ८०० कोटी डॉलरची तरतूद झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात केंद्रे निवडली गेली. त्यांपैकी कॅलिफोर्नियास १२० कोटी डॉलरपर्यंत अनुदान मिळावयाचे होते. मधल्या काळात सत्तांतर झाले आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये कॅलिफोर्निया व वायव्येकडील राज्ये अशा दोन केंद्रांचे अनुदान रद्द केल्याचे तेथील ऊर्जा खात्याने जाहीर केले. दाभोळमध्ये सरकार नको इतके बांधले गेले होते, येथे ते पुरेसे बांधले गेले नव्हते. दोन्ही ठिकाणी भागीदारीचा पाया कच्चाच राहिला.

यावर उद्योगांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. दहा-पंधरा वर्षांच्या खरेदीची खात्री नसेल तर कोणतीही बँक अशा प्रकल्पास कर्ज देणार नाही, असे ते म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. सर्व भांडवल सरकारने स्वतः उभारावे, हा मार्गही आजच्या तिजोरीच्या स्थितीत सुलभ नाही. किंबहुना, खात्री व स्पर्धा यांची सांगड घालता येते, हे २०२५ मध्ये दिसून आले. सौर ऊर्जा महामंडळाने खत कारखान्यांसाठी हरित अमोनियाचे दहा वर्षांचे पुरवठा करार लिलावाने दिले. ओरिसातील पारादीप येथील पहिल्याच पुरवठ्याचा दर किलोला ५५ रुपये ७५ पैसे ठरला. ग्राहक आधी निश्चित झाला, दर रुपयांत ठरला आणि तो सर्वांना कळला. दाभोळमध्ये यांतील एकही गोष्ट नीट घडली नव्हती.

अटी कोणत्या असाव्यात?

येथे एक गोष्ट सहसा दुर्लक्षित राहते. माहुलचे दोन मोठे तेलशुद्धीकरण कारखाने आणि तुर्भे-थळचे खत कारखाने हे सार्वजनिक क्षेत्रातील आहेत. म्हणजे मुंबई-रायगड पट्ट्यात अनुदान देणारे सरकार आणि माल घेणारा प्रमुख ग्राहक, दोन्ही जनतेचेच आहेत. या कारखान्यांनी आपली मागणी एकत्र करून खुली निविदा काढली, तर सौदा करण्याची ताकद त्यांच्याकडे राहील. मात्र मागणीचा अंदाजही तपासून घ्यावा लागेल. युरियासाठी अमोनियाबरोबर कार्बन डायऑक्साइड लागतो आणि तो आज नैसर्गिक वायूतूनच मिळतो. तेव्हा थळसारख्या युरिया कारखान्याचा सर्व हायड्रोजन एका फटक्यात ‘हरित’ करता येणार नाही. फुगविलेल्या मागणीवर उभारलेली क्षमता म्हणजे काय, हे महाराष्ट्राने एकदा पाहिलेले आहे.

म्हणून काही अटी आधीच ठरल्या पाहिजेत. प्रत्येक करार सहीपूर्वी विधिमंडळापुढे यावा आणि सहीनंतर संपूर्ण प्रसिद्ध व्हावा. व्यापारी गुपिताच्या नावाखाली दर व हमी झाकल्या जाऊ नयेत. देणी रुपयांत असावीत. उचल न केलेल्या मालाची जोखीम दोन्ही पक्षांत वाटली जावी. यंत्रसामग्री स्वस्त होईल तसा लाभ ग्राहकांपर्यंत पोचावा, यासाठी दर ठराविक काळाने उतरण्याची तरतूद असावी. जेथे सवलतींचा भार मोठा, तेथे सरकारला तितक्या प्रमाणात भागभांडवल मिळावे. महालेखापरीक्षकांना हिशेब तपासण्याची मुभा असावी. या अटी कडक वाटतील. पण घरभाड्याचा करार करतानाही सामान्य माणूस अनामत, मुदत आणि दुरुस्तीचा खर्च लिहून घेतो. हजारो कोटींच्या सौद्यात त्याच्या प्रतिनिधींनी त्याहून कमी सावध का असावे?

नांगलने दाखविले की, पाण्यापासून हायड्रोजन काढणे या देशाला अवघड नाही. दाभोळने दाखविले की, कागदावरची एक ओळ पुढील पिढीला महाग पडू शकते. राज्यातील प्रकल्पांचे करार व्हावयाचे आहेत तोवरच या दोन्ही अनुभवांचा उपयोग आहे. सही झाल्यानंतर उरतो तो केवळ हप्ता, आणि तो भरणाऱ्यांत वीजबिल येणारे प्रत्येक घर असते.