उन्हाळ्यात लंडनला जाताय? एक दिवस बाबासाहेबांच्या वाटेवर

शिकणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, जून-जुलैत लंडनला जाणार असाल तर एक दिवस राखून ठेवा. चॉक फार्म स्टेशनवर उतरा आणि चालत १० किंग हेन्रीज रोड गाठा. १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर या घरात राहत होते. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये ते विकत घेतलं, आता तिथे स्मारक आहे. वेळा मात्र आधी बघून घ्या.

तिथून ब्रिटिश म्युझियम. याच इमारतीतल्या ग्रंथालयात बाबासाहेब तासन्‌तास वाचत बसायचे. आत जायला आजही पैसे लागत नाहीत, आणि अमरावतीच्या स्तूपाची शिल्पं बघायची राहू देऊ नका! पुढे चालतच लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स. रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधासाठी १९२३ मध्ये त्यांना इथूनच डी.एस्सी. मिळाली.

बसचं भाडं ट्यूबपेक्षा कमी पडतं. एकदा भाडं दिलं की तासाभरात कितीही बस बदलता येतात. जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो. संध्याकाळी प्रिमरोज हिलवर बसा, सगळं शहर समोर दिसतं.

माझ्या मते लंडनमधला याहून मोलाचा दिवस नाही. जाऊन आलात की नक्की कळवा.