ई, एक्स, ए, एम

मागच्या सेमिस्टरला आमच्या ब्लॉकमधल्या एका मुलाचं सहा दिवसांचं मेस रिबेट बुडालं, ते माझ्यामुळे. हे आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला मी मोकळा!

झालं असं. सुट्टीवर जाणाऱ्यांचे रिबेटचे अर्ज मेस ऑफिसमध्ये वहीत लिहिले जायचे. मी आणि माझ्या रूममेटने त्यासाठी एक वेब पेज बनवलं. काकांना दर महिन्याला ढीगभर अर्ज बघावे लागतात, प्रत्येक वेळी माऊस कशाला, म्हणून मी कीबोर्ड शॉर्टकट दिले. 'जे' दाबलं की खालचा अर्ज, 'के' दाबलं की वरचा, 'ए' म्हणजे अप्रूव्ह आणि 'एक्स' म्हणजे रिजेक्ट. निर्णय झाला की पेज आपणहून पुढच्या अर्जावर जाणार. (जे-के ही माझी अक्कल नाही. बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास बर्कलीत 'व्हीआय' हा एडिटर लिहिला, तेव्हाच्या एडीएम-३ए टर्मिनलवर बाण एच-जे-के-एल याच बटणांवर छापलेले होते. तिथून ते जीमेलपर्यंत आले आणि जीमेलवरून मी ढापले.)

लायब्ररी वगैरे काही घेतली नाही. दहा ओळींचा कोड, दाबलेलं अक्षर 'एक्स' असेल तर रिजेक्ट. दोन आठवडे सगळं सुरळीत. मग एके दिवशी काकांनी एका अर्जाच्या शेरा लिहायच्या चौकटीत नेहमीचं मराठी सोडून इंग्रजीत 'एक्झाम' असं टाईप केलं. ई ने काही झालं नाही. एक्स ने अर्ज रिजेक्ट झाला आणि पेज पुढच्या अर्जावर गेलं. ए ने तो पुढचा अर्ज कोणी न वाचताच अप्रूव्ह झाला. एम ने काही झालं नाही. बिल हातात आल्यावर पहिला मुलगा माझ्या रूमवर आला, दुसरा अर्थातच नाही आला.

चूक उघड आहे. कर्सर लिहायच्या चौकटीत असताना शॉर्टकट गप्प बसले पाहिजेत. पण मला झोप लागेना ती वेगळ्याच प्रश्नाने. दोन आठवडे काका रोज शेरे लिहीत होते, मग हे आधी का झालं नाही?

उत्तर काकांनीच दिलं. "अरे, तुझं ते यंत्र मराठीत मुकं आहे. बटणं चालवायची तर आधी इंग्रजी करावं लागतं." काका इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर टाईप करतात. त्या मांडणीत 'एक्स' च्या बटणावर अनुस्वार असतो आणि 'ए' च्या बटणावर ओकार. त्यामुळे माझ्या कोडला 'एक्स' कधी दिसलाच नाही. म्हणजे बग पहिल्या दिवसापासून होता, काकांच्या मराठीने तो झाकला होता. मी कॉन्व्हेंटचा, मराठी टाईप करतो तेही इंग्रजी स्पेलिंगने, त्यामुळे हे माझ्या डोक्यातही आलं नसतं.

इथे थोडं टेक्निकल. बटण दाबलं की ब्राउझर आपल्याला दोन गोष्टी सांगतो. 'इव्हेंट डॉट की' म्हणजे कोणतं अक्षर उमटलं, आणि 'इव्हेंट डॉट कोड' म्हणजे कीबोर्डवरची कोणती जागा दाबली. इन्स्क्रिप्टमध्ये 'जे' चं बटण दाबलं तर पहिला सांगतो 'र', दुसरा सांगतो 'की-जे'. 'कीकोड' नावाचा एक जुना नंबरही येतो, पण तो आता कालबाह्य ठरवला आहे. शॉर्टकटची लायब्ररी निवडताना लोक साईज बघतात, गिटहबवरचे स्टार बघतात. माझ्या मते आधी हे बघावं, की ही बाई अक्षर ऐकते की जागा?

तीन लायब्ररी मी बघितल्या. सगळ्यात प्रसिद्ध 'माऊसट्रॅप', क्रेग कॅम्पबेल यांची, २०१२ पासूनची. साईज जेमतेम दोन केबी. चौकटीत लिहिताना ती आपोआप गप्प बसते, म्हणजे माझं एक्झाम प्रकरण झालंच नसतं. 'आधी जी, मग आय' अशा जोडगोळ्याही तिला समजतात. पण एकट्या अक्षराचा शॉर्टकट ती उमटलेल्या अक्षरावरून ओळखते, त्यामुळे काकांसाठी ती मुकीच. 'जे' सोबत 'र' पण बांधून ठेवा असा उपाय आहे, पण मग प्रत्येक मांडणीसाठी वेगळी यादी सांभाळा. शिवाय तिची १.६.५ ही आवृत्ती २०२० मध्ये आली आणि नंतर काम थंडावलं. चालते छान, पण नवीन प्रोजेक्टला मी घेणार नाही.

दुसरी 'हॉटकीज-जेएस'. हिच्यात 'स्कोप' ही सोय चांगली आहे. यादी उघडी असताना एक्स चा अर्थ एक, पॉपअप उघडा असताना दुसरा. मोठं ॲप असेल तर हे फार उपयोगी. ही सुद्धा चौकटीत गप्प बसते. पण मुळात बेतलेली आहे त्या जुन्या कीकोडवर, तिथे माझं मन धजेना.

तिसरी 'टायनीकीज'. नावाप्रमाणे एक केबीच्याही आत. हिला अक्षरही सांगता येतं आणि जागाही. 'की-जे' लिहिलं की इंग्रजी असो वा इन्स्क्रिप्ट, तेच बटण चालतं. विंडोजवर कंट्रोल आणि मॅकवर कमांड हा फरकही एका शब्दात मिटतो (माऊसट्रॅपमध्येही तशी सोय आहे). पण मी वापरलेली दुसरी आवृत्ती चौकटीत गप्प बसत नाही, ते तुमचं तुम्ही बघायचं. आणि इथेच मी दुसऱ्यांदा आपटणार होतो!

कारण बघा. जागा ऐकणारी लायब्ररी लावली आणि चौकटीची तपासणी विसरलो, तर आता मराठी शेरेसुद्धा शॉर्टकट उडवणार. इन्स्क्रिप्टमध्ये 'र' हे 'जे' चं बटण आणि 'क' हे 'के' चं. काकांनी 'परीक्षा' लिहिलं की र ला पेज एक अर्ज खाली जाणार आणि क्ष मधल्या क ला परत वर येणार. नशीब चांगलं म्हणून जागच्या जागी! तेव्हापासून माझी टेस्ट ठरली आहे, कोणतीही लायब्ररी लावा, चौकटीत एकदा 'एक्झाम' इंग्रजीत आणि एकदा 'परीक्षा' इन्स्क्रिप्टमध्ये टाईप करून बघा.

जागेलाही तोटा आहे, तो लपवत नाही. फ्रान्समधल्या अझर्टी कीबोर्डवर आपल्या क्यू च्या जागी ए असतो. तिथे 'की-क्यू' वर शॉर्टकट ठेवला तर त्या माणसाला ए दाबावं लागेल. जे-के सारखे शेजारी शेजारी असण्यासाठी निवडलेले शॉर्टकट जागेवरून ओळखावेत, आद्याक्षरावरून निवडलेले असतील तर विचार करावा. आपल्या हॉस्टेलच्या सगळ्या मशीनवर क्वर्टीच छापलेलं आहे, म्हणून मी चारही जागेवर ठेवले.

मग मी टायनीकीज घेतली आणि तिच्यावर माझ्या आठ-दहा ओळी चढवल्या. कर्सर चौकटीत असेल तर परत जा. बटण दाबून धरल्यामुळे पुन्हा पुन्हा येणारे इव्हेंट सोडून द्या, नाहीतर ए वर बोट रेंगाळलं की पाच-सहा अर्ज एका दमात पास. अप्रूव्ह आणि रिजेक्ट दोन्हींना शिफ्ट सोबत लावलं आणि अनडूचं बटण दिलं. कंट्रोल-डब्ल्यू किंवा कंट्रोल-टी घ्यायचा मोह झाला होता, पण क्रोममध्ये ते ब्राउझर स्वतःकडेच ठेवतो, कोणतीही लायब्ररी आणा.

शेवटी एक 'शॉर्टकट बंद' असा टिक बॉक्स. हा माझा लाड नाही. २०१८ च्या डब्ल्यूसीएजी २.१ मध्ये २.१.४ नंबरचा नियमच आहे की नुसत्या एका अक्षराचा शॉर्टकट बंद करता आला पाहिजे, किंवा बदलता आला पाहिजे, किंवा तो भाग फोकसमध्ये असतानाच चालला पाहिजे. जे लोक बोलून कॉम्प्युटर चालवतात, त्यांच्या एका वाक्याने असे दहा शॉर्टकट उडू शकतात. जीमेलमध्ये सुद्धा हे शॉर्टकट सुरुवातीला बंद असतात, सेटिंगमध्ये जाऊन चालू करावे लागतात.

त्या मुलाचे सहा दिवस काकांनी पुढच्या बिलात वळते केले. दुसऱ्याचा अर्ज आता वाचून बघितला, तर तो नियमात बसत होता, त्यामुळे त्याचं काही गेलं नाही. काका आता इन्स्क्रिप्ट न बदलता पूर्ण यादी उरकतात. फक्त शिफ्ट दाबायला विसरले की मला फोन येतो, "अरे, पुन्हा मुकं झालं का रे?"