मासोळ्यांची बाळंतपणं

अल हैलच्या आमच्या घरी नवीन पाहुणे आले की स्वयंपाकघराच्या ओट्याकडे बघून हमखास विचारतात, "या बाटल्या कसल्या?" थंड पेयाच्या दोन लिटरच्या बाटल्या, बूड कापून उलट्या टांगलेल्या. आत मिठाचं पाणी, त्यातून हवेचे बुडबुडे, आणि बुडबुड्यांबरोबर गरगरणारी विटकरी भुकटी. चहाची नवी तऱ्हा असेल असं एका काकूंना वाटलं होतं! ती भुकटी म्हणजे आर्टेमिया नावाच्या खाऱ्या पाण्यातल्या इवल्याशा जीवाची सुकवलेली अंडी. लिटरभर पाण्यात २५-३० ग्रॅम मीठ, २८ अंशांच्या आसपास ऊब, वर दिवा, आणि सतत हवा. चोवीस तासांनी हवा बंद केली की टरफलं वर तरंगतात आणि खाली नारिंगी ठिपक्यांचा ढग जमतो. नळीने तो ओढून घ्यायचा, गोड्या पाण्यात खळबळायचा आणि पिल्लांना वाढायचा. माशांच्या पिल्लांची ही खिमट!

आमची सुरुवात, बहुतेकांची होते तशी, गप्पीपासून झाली. मुंबई-पुण्याच्या वाचकांना गप्पी मासा सांगायला नको. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून महापालिकेची माणसं हौदात नि विहिरीत सोडतात, तोच. त्याचा गप्पांशी संबंध नाही (आमच्या घरात बरेच दिवस तसाच समज होता). एकोणिसाव्या शतकात त्रिनिदादहून हे मासे लंडनला पाठवणाऱ्या रॉबर्ट जॉन लेच्मिअर गप्पी या गृहस्थांचं ते आडनाव. गप्पी अंडी घालत नाही, थेट पिल्लंच देते, आणि साधारण चार आठवड्यांनी पुन्हा देते. नर वेगळा काढला तरी देते, कारण एकदा मिळालेलं बीज मादी कित्येक महिने पोटात साठवून ठेवते. हे ठाऊक नसल्यामुळे आम्ही सगळे नर मित्राकडे पोचवून निर्धास्त झालो होतो. पुढच्या महिन्यात तीस पिल्लं!

तीस मोजली तेव्हा होती. शाळेतून लेक येईपर्यंत अकरा उरली. आईच खाते, हे तिला कसं सांगायचं या पेचात आम्ही पडलो. तिनेच काचेला नाक लावून ते पाहिलं आणि दोन दिवस टाकीकडे फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी मात्र तिने विचारलं, "मग आपण त्यांना लपायला जागा का नाही दिली?" प्रश्न बिनतोड होता. तेव्हापासून टाकीचा एक कोपरा जावा मॉसच्या दाट गुंत्याने भरलेला असतो. पिल्लं जन्मतःच त्यात शिरतात, मोठ्यांना तिथे घुसता येत नाही. बाजारात बाळंतिणीसाठी जाळीचे पिंजरे मिळतात, पण त्यात मादी बावरते असा आमचा अनुभव. वाळवंटात राहून आम्ही शेवाळाची शेती करू असं कुणी सांगितलं असतं तर हसलो असतो.

पुढची पायरी झेब्रा मासा. निळ्या-सोनेरी पट्ट्यांचा, दीड-दोन इंचांचा, आपल्याच मुलखातला. गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवरच्या ग्रंथात फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये त्याची नोंद केली. आज जगभरच्या प्रयोगशाळांत, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतसुद्धा, तो ठेवतात, कारण त्याचं अंडं पारदर्शक असतं आणि आतल्या जिवाची घडण सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. आमच्याकडे सूक्ष्मदर्शक नव्हता, भिंग होतं. तेवढ्यानेही ठोका घेणारं हृदय दिसतं.

हा मासा पहाटे, उजेड पडताच अंडी विखरून टाकतो आणि लगेच मागे वळून तीच खायला लागतो. त्यावर उपाय गोट्यांचा. डोंबिवलीहून आणलेल्या काचेच्या गोट्यांचे दोन थर उथळ ट्रेमध्ये पसरायचे, वर जेमतेम वीतभर पाणी, आणि रात्री एक मादी, दोन नर सोडायचे. सकाळी अंडी गोट्यांच्या फटींतून खाली गेलेली असतात, आईबाप वरून नुसते बघत बसतात. दहाच्या सुमारास त्यांना परत त्यांच्या घरी पाठवायचं. पांढरी पडलेली अंडी मेलेली, ती ड्रॉपरने उचलायची, नाहीतर बुरशी बाकीच्यांना धरते. दोन-तीन दिवसांत काचेला स्वल्पविराम चिकटल्यासारखी पिल्लं दिसू लागतात.

इथेच आम्ही पहिल्यांदा फसलो. बाळं दिसली, भुकेली असणारच, म्हणून उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून घातला. खरं म्हणजे त्या दिवसांत त्यांच्या पोटाला स्वतःची शिदोरी असते, पाचव्या दिवसाच्या सुमारास पोहू लागेपर्यंत त्यांना काहीच नको असतं. बलक सडला, पाणी दुधाळ झालं, सकाळी एकही पिल्लू नव्हतं. शंभरेक तरी असतील. आता आम्ही आधीपासून एका बरणीत केळ्याचं साल कुजत घालतो. पाणी आधी गढूळ होतं, मग निवळतं, आणि निवळलेल्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव भरलेले असतात. पोहू लागलेल्या पिल्लाच्या तोंडात तेच मावतं. तीन-चार दिवसांनी उलट्या बाटलीतला नारिंगी ढग सुरू.

आता पाण्याचं. मस्कतच्या नळाला येतं ते समुद्राचं पाणी गोडं केलेलं, त्यात क्लोरीन. शिवाय ते गच्चीवरच्या टाकीत दिवसभर तापतं. उन्हाळ्यात थंड नळाखाली हात धरवत नाही, म्हणून इथली सगळी मंडळी बंद गीझरचं पाणी थंड म्हणून वापरतात. आम्ही माशांसाठीही तेच बादलीत काढतो, क्लोरीन मारणारे थेंब घालतो आणि दिवसभर तसंच ठेवतो. गंमत म्हणजे घरात दुखणं उलटं, एसीच्या गार हवेचं. फायटर माशाचा बाप बुडबुड्यांचं घरटं बांधून अंडी सांभाळतो, पिल्लं पोहू लागली की त्यालाही बाजूला काढावं लागतं. त्या पिल्लांना काही आठवड्यांनी वरची हवा घेण्याचा अवयव फुटतो आणि तेव्हा पाण्यावरची हवा उबदार, ओलसर लागते. ट्रेवर पोळ्यांच्या डब्याला लावतो तो पातळ प्लास्टिकचा कागद ताणून बसवला, तेव्हा कुठे निम्मी जगली.

एसी नसला तर काय होतं, तेही कळलं. ५ सप्टेंबर २०२२, सोमवार. दुपारी मस्कतसह ओमानच्या मोठ्या भागात वीज गेली. पंप थांबले, स्पंज फिल्टरचे बुडबुडे थांबले. ट्रेमध्ये झेब्राची चाळीसएक पिल्लं, पंधरा दिवसांची. थर्मामीटर ३०, ३१, ३३. पाणी जितकं तापतं तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. आम्ही तिघांनी पाळ्या लावल्या. वाटीने पाणी उचलायचं आणि हलकेच वरून सोडायचं, पुन्हा उचलायचं. फ्रीजरमधली गोठलेली बाटली फडक्यात गुंडाळून दोन मिनिटं बुडवायची, काढायची. खाणं बंद. दिवे संध्याकाळी आले, तेव्हा लेकीचा उजवा हात वर होत नव्हता. सव्वीस उरली होती. दुसऱ्याच दिवशी बॅटरीवर चालणारा पंप आणला.

सुट्टीचा प्रश्न मात्र आखाती माणसाचा खास. जून-जुलैत सगळे देशात. मोठे मासे शेजाऱ्यांवर सोडता येतात, रोजच्या खाण्याच्या कागदी पुड्या बांधून आणि डबा लपवून. (एका वर्षी लपवला नव्हता. प्रेमापोटी टाकी सडली.) पिल्लं सोडता येत नाहीत, म्हणून एप्रिलनंतर गोट्या कपाटात.

आणि जास्त झालेल्यांचं काय? "वादीत सोडून द्या की, पुण्य लागेल," असं आम्हाला बऱ्याचजणांनी सुचवलं. ते आम्ही कधी करणार नाही. वादीत पाय बुडवल्यावर टाचा कुरतडायला येतात ते छोटे गारा मासे आठवा. ते इथल्या डोंगरांचेच. त्यांचेच भाऊबंद अल हूता गुहेच्या अंधारात राहून डोळे गमावून बसलेत. गप्पी सोडला तर तो त्यांच्या डबक्यात महिन्या-महिन्याला वाढणार, त्यांचा घास खाणार, आणि परत काढता येणार नाही. डासांच्या अळ्या खायला अरबस्तानाचा स्वतःचा बोटभर मासा आहेच.

तेव्हा पिल्लं वाटायची ती ओळखीच्या घरीच. सध्या झेब्राची साठेक आणि गप्पीची न मोजलेली आहेत, दिवाळीपर्यंत देण्याजोगी होतील. ज्यांच्याकडे महिनाभर चालू असलेली टाकी आहे त्यांनी झाकणाचा डबा घेऊन यावं. डबा साबणाने धुतलेला नको.