विश्लेषण : पडद्यावरचा डॉन कराचीत, जमीन मात्र खेडच्या मुंबक्यात!

डिसेंबर २०२५ मध्ये आलेल्या आदित्य धर यांच्या ‘धुरंधर’ने रणवीर सिंहसोबत प्रेक्षकांना कराचीच्या ल्यारीत फिरवून आणले. त्याआधी २०१३ मध्ये निखिल अडवाणी यांच्या ‘डी-डे’त इरफान खान आणि अर्जुन रामपाल यांचे ‘रॉ’चे हेर कराचीतून ‘गोल्डमन’ला उचलून आणायला निघाले होते. ऋषी कपूर यांनी रंगवलेला हा गोल्डमन कोणावर बेतलेला आहे, हे रत्नागिरीच्या प्रेक्षकाला थिएटरात कोणी सांगावे लागत नाही. दाऊद इब्राहिमचे मूळ गाव याच जिल्ह्यातले, खेड तालुक्यातले मुंबके.

प्रत्यक्षात काय घडले?

‘डी-डे’त गोल्डमन अखेर भारतीय हद्दीत येतो. १२ मार्च १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांत २५७ जणांचा बळी गेला, त्यातला हा मुख्य फरार आरोपी मात्र अजून हाती लागलेला नाही. तो कराचीत आहे असे भारत म्हणतो, पाकिस्तान इन्कार करतो. संयुक्त राष्ट्रांनी २००३ मध्ये त्याचे नाव निर्बंधांच्या यादीत घातले.

माणूस मिळाला नाही, तेव्हा सरकारने त्याच्या मालमत्तेवर हात टाकला. त्यासाठीचे हत्यार म्हणजे १९७६ चा ‘सफेमा’, अर्थात तस्करांची मालमत्ता जप्त करण्याचा कायदा. यात मालमत्ता काळ्या पैशाची आहे हे सरकारने सिद्ध करायचे नसते, ती कायदेशीर कमाईची आहे हे धारकानेच दाखवायचे असते. नातेवाइकांच्या नावावरची मालमत्ताही यातून सुटत नाही. अशा कडक तरतुदींना आव्हान मिळणारच होते, पण सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने १९९४ मध्ये हा कायदा वैध ठरवला. पुढे मुंबईत नागपाड्यातील मालमत्तांसाठी दाऊदची आई अमिना आणि बहीण हसीना पारकर यांच्या वतीने लढवलेली याचिकाही एप्रिल २०१८ मध्ये फेटाळली गेली.

जमीन कोणी घेतली?

नोव्हेंबर २०२० मध्ये मुंबक्यातील सहा मालमत्ता लिलावात विकल्या गेल्या. जुने वडिलोपार्जित घर ११ लाख २० हजारांना दिल्लीतील एका वकिलाने घेतले. खरी गंमत झाली ५ जानेवारी २०२४ ला. चार शेतजमिनी लिलावात होत्या. त्यातल्या १७०.९८ चौरस मीटरच्या, म्हणजे जेमतेम पावणेदोन गुंठ्यांच्या तुकड्याची राखीव किंमत होती १५,४४० रुपये. त्याच वकिलांनी बोली लावली २ कोटी १ लाखाची! राखीव किमतीच्या तब्बल तेराशे पट. अंकशास्त्रानुसार हा आकडा आपल्याला लाभतो आणि तिथे सनातन शाळा काढायची आहे, असे त्यांनी सांगितले. कोकणातल्या जमिनीचे भाव वाढलेत खरे, पण हा भाव जमिनीचा नव्हे, सातबाऱ्यावरच्या नावाचा.

शेजारची १,७३० चौरस मीटरची, म्हणजे दहापट मोठी जमीन ३ लाख २८ हजारांत गेली. उरलेल्या दोन जमिनींवर त्या दिवशी एकही बोली आली नाही.