जुना भविष्यनिर्वाह निधि वळवावा काय?

खाजगी कंपनी सोडून सरकारी नोकरींत शिरणाऱ्यापुढें एक प्रश्न उभा राहतो: जुना भविष्यनिर्वाह निधि राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेंत वळवावा काय? नियामक प्राधिकरणानें २०१७ सालीं तशी पद्धति घालून दिली आहे; वळविलेली रक्कम त्या वर्षाचें उत्पन्न धरली जात नाहीं.

उत्तरापूर्वीं एक भेद ध्यानांत घ्यावा. जुन्या नोकरीच्या वस्तुतः दोन पुंज्या असतात. पहिली निधीची. तिजवर दरसाल व्याज जाहीर होतें. २०२४-२५ सालीं तें सव्वाआठ टक्के होतें. नव्या योजनेंत ही रक्कम रोखे व शेअर यांत गुंतते. वाढ अधिक होईल, कमीही होईल. शिवाय जुना निधि निवृत्तीच्या वेळीं सगळा हातीं येतो. नव्या योजनेंत सरकारी नोकरास सामान्यतः निदान ४० टक्के रक्कम वर्षासनासाठीं गुंतवावी लागते.

दुसरी पुंजी १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेची. ती बाजारावर नव्हे, सूत्रावर चालते: मर्यादेंत धरलेला सरासरी पगार गुणिले सेवेचीं वर्षें, भागिले ७०. असा पगार १५,००० रुपये व सेवा १४ वर्षें असल्यास ५८ व्या वर्षापासून दरमहा ३,००० रुपये मिळतात. दहा वर्षें पुरीं झालेल्यानें हा हक्क विसरूं नये. योजना-प्रमाणपत्र मागून घ्यावें.

तेव्हां ज्याला निवृत्तीच्या वेळीं घरासाठीं रोकड लागणार, त्यानें निधि वळविण्याची घाई करूं नये. ज्याच्यापुढें पंचवीस वर्षें आहेत व चढउतार सोसण्याची तयारी आहे, त्यानें खुशाल विचार करावा. प्रमाणपत्र मात्र दोघांनींही जपावें.